कुंपण कुणासाठी?

रावेतचे नाव निघाले की आज लोकांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती उभ्या राहतात. पवनेकाठचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. धरणातून सोडलेले पवनेचे पाणी येथल्या बंधाऱ्यापाशी उचलून उद्योगनगरीला पुरवले जाते. २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग शेजारच्या किवळ्यापासून मुंबईकडे धावतो. अशा ठिकाणी परसात पाच कोंबड्या बाळगण्याचा आमचा हट्ट पाहून पाहुणे हसतात. अंडी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असताना ही यातायात कशाला, असे विचारतात. पण कोंबडी पाळणे ही खरी यातायात नव्हेच. कोंबडी आवारात राखणे, हे खरे काम!

पूर्वी गावात कोंबडीला कुंपण ठाऊक नव्हते. सकाळी डालगे उचलले की ती उकिरड्यावर, गोठ्यात, शेजारच्या अंगणात दिवसभर हिंडे आणि सांजेला आपल्या पायांनी घरी येई. कोणती कोंबडी कोणाची, हे साऱ्या आळीला माहीत असे. आता फाटकाबाहेर वाहनांचा रस्ता आहे, भटकी कुत्री आहेत. आमच्या चार फुटी भिंतीवरून उतरलेली कोंबडी परत येईलच, याचा भरवसा राहिलेला नाही. शिवाय पलीकडे शेजारच्या आजींचे मेथीचे वाफे. त्या एके दिवशी शांतपणे म्हणाल्या, “कोंबड्या तुमच्या, पण उकरली जाते ती माती आमची.” या वाक्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. कोंबड्या आवारात राहणार नसतील, तर त्या ठेवता येणार नाहीत, इतके मात्र कळून चुकले.

सल्ले पुष्कळ मिळाले. बहुतेकांचे म्हणणे एकच होते : पंख कापा. हा उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे. एकाच पंखाची टोकाकडची दहा लांब पिसे कात्रीने छाटली की तोल जातो आणि कोंबडी वर उडू शकत नाही. पूर्ण वाढलेले पीस आपल्या नखासारखे निर्जीव असल्याने ते कापताना दुखत नाही. नव्याने फुटणाऱ्या पिसात मात्र रक्त असते, ते टाळावे लागते. पुढे पिसे झडून नवी आली की कात्री पुन्हा हाती घ्यायची.

आमच्या घरात यावर दोन दिवस वाद झाला. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याचाही वाटा तिच्यात आहे. अनेक कोंबड्यांच्या कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ही रानातली पाखरे दिवसभर जमिनीवर चरतात, पण रात्री झाडावर झोपतात आणि संकट आले की वर उडतात. पंख हे कोंबडीचे पळून जाण्याचे साधन आहे, तसेच ते जीव वाचवण्याचेही आहे. ते काढून घ्यायचे, तर तिच्या रक्षणाची सारी हमी आपण द्यायला हवी. ती हमी उघड्या परसात कोण देणार?

वादाचा निकाल आमच्या हाती राहिला नाही. भिंतीच्या आत जाळी उभारण्याचे काम अर्धे झाले असतानाच, एका सांजेला एक कुत्रे भिंतीवरून आत आले. चार गावठी कोंबड्या क्षणात पेरूच्या झाडावर गेल्या. पाचवी संकरित, जड अंगाची, तिला उडता येईना. ती गेली. त्यानंतर घरात कात्रीचे नाव कोणी काढले नाही.

जाळी मग नेटाने पुरी केली. उंची सहा फूट, पण वरच्या कडेला नळी किंवा लाकूड लावले नाही. कोंबडी सहसा कुंपण एका झेपेत ओलांडत नाही, आधी त्याच्या माथ्यावर बसते. माथा सैल आणि आत झुकलेला असला की बसायला आधार मिळत नाही. खालची जाळी बाहेरच्या अंगाला वळवून फूटभर मातीत पुरली, म्हणजे कुत्र्याला वा मुंगसाला उकरून आत येता येऊ नये. जाळीलगतचा विटांचा ढीग हलवला, पेरूच्या भिंतीकडच्या फांद्या छाटल्या.

तरीही एक तांबडी कोंबडी जाळीपाशी घिरट्या घालीच. निरखून पाहिले, तेव्हा कारण उमगले. कोंबड्यांत टोचण्याची एक उतरंड असते. नॉर्वेच्या शेल्डेरुप-एबे या अभ्यासकाने शंभर वर्षांपूर्वी ती मांडून दाखवली. आमची तांबडी या उतरंडीत सर्वांत खाली होती, तिला दाण्यापाशी कोणी येऊ देत नसे. दाणे दोन ठिकाणी टाकू लागलो. अंडी घालायला अंधारा आडोसा आणि पेंढा दिला, धूळस्नानासाठी राख-माती ठेवली. सांजेला खुराड्यापाशी कण्या टाकून हाक मारण्याचा नेम धरला. आठवड्याभरात घिरट्या थांबल्या.

वाचकहो, प्रभू येशूने जेरुसलेमविषयीची आपली व्याकुळता सांगताना पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचीच उपमा वापरली. पण ज्यांना जवळ घ्यायचे, त्यांनाच ते नको होते, ही व्यथाही त्याने त्याच दमात बोलून दाखवली. जवळ घेणे आणि कोंडून ठेवणे यांतला भेद आम्हांला परसात समजला. कोणाला राखायचे असेल, तर त्याचे पंख छाटणे सोपे पडते. जाळी उभारण्याचा खर्च, रोजची हाक आणि कोणाला दाणा मिळत नाही हे पाहण्याचे कष्ट, हे मात्र राखणाऱ्याला सोसावे लागतात. ते त्यानेच सोसावेत, असे आमचे मत झाले आहे.

आजींची मेथी यंदा चांगली आली. एक जुडी त्यांनी जाळीवरून आमच्या हाती दिली. देठ कोंबड्यांना घाला, म्हणाल्या.