बुरशी आणि बांधीव अंक

बुरशी हा शब्द आम्हांस कधी भयावह वाटला नव्हता. पावसाळ्यात ती चपलांना येते, फडताळात विसरलेल्या पावाला येते, बरणीत ओला चमचा गेला की लोणच्याला येते. मराठीत या शब्दाला फार तर किळस चिकटलेली होती. मृत्यू चिकटला तो २०२१ साली, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, 'काळी बुरशी' या नावाने. आणि ते नावही फसवेच, कारण म्युकरमायकोसिसची बुरशी काळी नसते, काळे पडते ते तिने रक्तपुरवठा तोडलेले मांस. आमच्या घरी मात्र हा शब्द त्याआधीच, २०१९ च्या पावसाळ्यात, येऊन गेला होता. तिचे नाव वेगळे होते : ॲस्परजिलस.

अण्णा (आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे) तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. रक्ताचा कर्करोग निघाला आणि पुण्यातल्या एका रुग्णालयात केमोथेरपी सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर आल्या. त्या तशा येणार हे आम्हांस सांगितलेले होते. फुले आणू नका, कुंडी नको, कच्चे काही खायला देऊ नका, मास्क लावल्याशिवाय आत येऊ नका, ही यादीही पाठ होती. पुस्तकांविषयी कोणी काही बोलले नव्हते. अण्णांनी माळ्यावरचा 'सत्यकथे'च्या अंकांचा बांधीव खंड मागितला आणि आम्ही तो मोठ्या आनंदाने नेला; माणूस वाचायला मागतो आहे म्हणजे तो बरा होतो आहे, असा आमच्यासारख्यांचा एक भाबडा समज असतो. खंडाला कसर लागली होती, पुठ्ठ्यावर पांढुरके डाग होते. फडक्याने पुसला आणि दिला. अण्णांनी तो उघडून आधी नाकाशी नेला. जुन्या कागदाचा वास त्यांना आवडे.

पाच दिवसांनी ताप चढला. प्रतिजैविके बदलून पाहिली, ताप उतरेना. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात एक गाठ दिसली आणि तिच्याभोवती धूसर वलय. चंद्राला खळे पडते तसे, असे आम्ही म्हणालो. डॉक्टर तरुण होते, शांतपणे म्हणाले, "ते वलय म्हणजे गाठीभोवती झिरपलेलं रक्त आहे." पुढे कधी आम्ही ती उपमा वापरली नाही.

या बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे थेट फुप्फुसांच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतील इतके बारीक असतात. मातीत, कुजत्या पाल्यात, भिंतींच्या धुळीत ते असतातच. आपण सारेच ते रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि आपल्या पेशी त्यांचा मुकाट्याने निकाल लावतात. पेशीच उरल्या नाहीत तर बीजाणूला तंतू फुटतात आणि ते रक्तवाहिन्यांत शिरतात. तिला नाव दिले ते १७२९ मध्ये फ्लॉरेन्सच्या मिकेली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने. हा गृहस्थ धर्मगुरूही होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला तिचा आकार चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याच्या दांडीसारखा दिसला. आपल्याकडे पाहिली असती तर कोणाला आम्रपल्लव आठवले असते कोण जाणे.

व्होरिकोनॅझोल सुरू झाले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधावरचे शंभरांतले सुमारे ७१ रुग्ण बारा आठवड्यांनंतर हयात होते, जुन्या ॲम्फोटेरिसिनवरचे ५८. हे आकडे आम्ही रात्री मोबाईलवर वाचले आणि दोघांनीही २९ हाच आकडा मनात धरला. औषधाचा एक चमत्कारिक परिणाम म्हणजे ते घेतल्यावर काही वेळ दृष्टीत फरक पडतो. अण्णा म्हणाले, "सूनबाई, या भिंतीला निळा रंग कधी दिला गं?" भिंत पिवळट होती. पाऊण तासाने ते हसून म्हणाले, "गेला निळा." पुढे औषधाची वेळ झाली की ते भिंतीकडे तोंड करून बसत. त्या दिवसांतले तेवढेच त्यांचे सुख, असे आता वाटते.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. शोकांतिकेत नायकाचा प्रमाद कुठे घडला हे विद्यार्थ्यांकडून शोधून घेणे हा आमच्या कामाचाच भाग आहे. तेव्हा आम्हीही शोधत होतो. समोर रुग्णालयाची नवी इमारत बांधली जात होती. दिवसभर ड्रिलचा आवाज, खिडकीच्या कट्ट्यावर सिमेंटची पूड. बांधकामाच्या धुळीतून हा संसर्ग वॉर्डांत पसरतो, हे वैद्यकाला पुरते ठाऊक आहे. तिथल्या व्यवस्थेवर रागावणे आम्हांस सोपे होते आणि आम्ही रागावलोही. पण रात्री घरी एकमेकांशी बोलताना बांधकाम येत नसे. पांढुरके डाग येत. आणि खंड न्यायचे कोणी सुचवले, हे दोघांपैकी कोणी काढत नसे.

शेवटी डॉक्टरांना विचारले. त्यांनी खंडाचे वर्णन पुरते ऐकून घेतले. म्हणाले, "असेल. बांधकामही असेल. कदाचित दाखल होण्याआधीच ते बीजाणू त्यांच्या छातीत असतील. हे सांगता येत नाही." थोडे थांबून, "पण पुस्तक घरी न्या," असेही म्हणाले.

बुरशी हटली. पण त्यात केमोथेरपीचा पुढचा टप्पा सहा आठवडे लांबला आणि पुढल्या वर्षी कर्करोग उलटला. अण्णा गेले ते त्याने. त्या सहा आठवड्यांचा त्यात वाटा किती, हे डॉक्टरांना आम्ही विचारले नाही.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरश्यांची पहिली यादी काढली. एकोणीस नावे आहेत. ॲस्परजिलस फ्युमिगेटस सर्वांत वरच्या गटात आहे. बातमी एकाने वाचली, दुसरीला दाखवली, आणि आम्ही कामाला लागलो.

तो खंड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर ठेवला आहे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत हाती आला. रद्दीत घालू या, असे एकाने म्हटले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला देऊ, असे दुसरीने. मग आतल्या कथा कोणत्या होत्या यावर बराच वेळ वाद झाला, कारण अनुक्रमणिका बघायची तर गाठ सोडावी लागली असती.