बद्द आवाज

बाबा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. लहानपणी त्यांनी मला एकदा कास्टिंगवर हातोडी मारून दाखवली होती. खणखणीत वाजलं तर माल चांगला. बद्द वाजलं तर आत गडबड.

मी हातोडी कधी उचलली नाही. मी कोड लिहितो, धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या सिम्युलेशनचा. टायटॅनियमच्या पावडरचा केसापेक्षा पातळ थर, त्यावर फिरणारा लेझर, पुन्हा थर. वितळलेला ठिपका सेकंदाला लाखो अंश या वेगाने थंड होतो. त्या घाईत धातूचे कण थर ओलांडत उभे वाढतात, आमच्याकडच्या उसासारखे. त्यांच्या पोटात सुयांसारखी बारीक रचना तयार होते. सुया जितक्या बारीक, तितका धातू भक्कम. हॉल आणि पेच यांनी 1951 ते 1953 दरम्यान लोखंड-पोलादात कणांचा आकार आणि ताकद यांचं नातं मांडलं. आमचं मॉडेल तेच सूत्र सुयांच्या जाडीला लावतं.

ओढून तोडायच्या चाचणीत आमचा अंदाज जवळपास तंतोतंत आला. मग फटीग टेस्ट झाली, म्हणजे तोच ताण लाखो वेळा देणं. सातपैकी एक नमुना फारच लवकर तुटला. मी त्याला 'आउटलायर' म्हटलं आणि डेटातून काढून टाकलं. कोडची एक ओळ. आलेख देखणा झाला. शुक्रवारी रिपोर्ट जायचा होता.

गुरुवारी रात्री घरी फोन केला, तेव्हा हे सहज बोलून गेलो.

बाबा म्हणाले, "तुटलेलं तोंड बघितलंस काय?"

बघितलं नव्हतं.

सकाळी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. तुटलेल्या तोंडावर एक चपटी पोकळी होती, आणि तिच्यात न वितळलेल्या पावडरचे गोल दाणे तसेच बसलेले. तिथे दोन थर जुळलेच नव्हते. चीर तिथूनच सुरू झाली होती. आणि आमच्या मॉडेलने धातू आतून पूर्ण भरीव आहे असंच धरलं होतं. पोकळीला त्यात जागाच नव्हती.

हा भाग उद्या कुणाच्या विमानात किंवा कुणाच्या मांडीच्या हाडात बसणार होता.

मी ती ओळ परत टाकली. रिपोर्टमध्ये लिहिलं: ताकद सांगता येते, आयुष्य अजून नाही. प्रोजेक्ट दोन महिने लांबला. मॅनेजर आठवडाभर धड बोलला नाही.

आता मॉडेलमध्ये पोकळ्या आहेत. आलेख पूर्वीइतका देखणा नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग आता बरोबर वाजतंय."