ती बातमी माझीच होती

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा, बिनसाखरेचा असला तरी चालेल.

२०१२ साली पुणे विद्यापीठातल्या (नावात सावित्रीबाई फुले यायच्या होत्या अजून) संशोधकांनी हळदीतला एक घटक वेगळा काढला. नाव तोंडात न मावणारं : बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन. भात-भाकरीतल्या पिष्टाचे तुकडे करणारं अमायलेज नावाचं विकर आपलं स्वादुपिंड तयार करतं. हा घटक त्याला अडवतो. म्हणजे पिष्टाची साखर सावकाश होईल आणि जेवल्यावर रक्तातली साखर एकदम उसळणार नाही, अशी आशा.

मी तेव्हा सासवडहून बातम्या द्यायचो. मथळा ठोकून दिला : 'हळदीत सापडलं मधुमेहाचं औषध'. लोकांनी पाठ थोपटली.

मामांनी ते कात्रण पाकिटात ठेवलं. "डॉक्टरच्या केमिकलपेक्षा आपला झाडपाला बरा रे," म्हणाले, आणि मेटफॉर्मिन बंद. सकाळ-संध्याकाळ चमचाभर हळद, वर पुण्याहून आणलेल्या बिवळ्याच्या पेल्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी. मला कळलं तेव्हा पायाची जखम दीड महिन्याची झाली होती. अंगठा काढावा लागला.

त्यानंतर मी मूळ शोधनिबंध वाचायला घेतला. आधी वाचला नव्हता, हे कबूल करतो. हळदीचा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग विकरावर तपासायचा, निकामी टाकायचा, कामाचा पुन्हा फोडायचा. दळण निवडावं तसं. शेवटी हाती राहील त्याची ओळख एचपीएलसी आणि एनएमआरवर पटवायची. मेहनतीचं, अस्सल काम. पण सगळं परीक्षानळीत, रुग्ण त्यात एकही नाही. संशोधक स्वतः एवढंच म्हणत होते की हा औषधासाठी चांगला उमेदवार ठरू शकेल. उमेदवार आणि आमदार यातला फरक निदान पत्रकाराला तरी कळायला हवा होता! शिवाय हळदीत सगळी कर्क्युमिनॉइड्स मिळून साधारण ३ ते ५ टक्के, त्यातही मोठा वाटा थोरल्या कर्क्युमिनचा. चमच्याने त्यातलं किती पोटात जाणार?

बिवळ्याला मी हसत नाहीये. आयसीएमआरने १९९०च्या दशकात त्याची रुग्णांवर चाचणी घेतली होती. पण ती नव्याने निदान झालेल्या, औषध सुरू नसलेल्या रुग्णांवर, मोजून मात्रा देऊन, साखर तपासत. चालू गोळ्या फेकून नव्हे.

आणि गंमत बघा, मामांनी फेकलेल्या मेटफॉर्मिनचं मूळही झाडपाल्यातच आहे. युरोपातली गॅलेगा नावाची वनस्पती. तिच्यातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण विषारी. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनलं, फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले १९५७ मध्ये. मधे पस्तीस वर्षं. हे मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग बातमीत का नाही लिहिलंस?"

परवा स्वारगेटला पुन्हा एक फलक दिसला : '९० दिवसांत शुगर मुळापासून गायब, गोळ्या बंद'. १९५४च्या औषधी व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत मधुमेह आहे, अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार टाकलीय. तुमच्या रस्त्यावर, रिक्षामागे, केबलवर असं काही दिसलं तर फोटो, जागा आणि तारीख मला पाठवा. एकत्र करून देतो.