15 रुपयांची कॉफी आणि पाकिटामागची बारीक अक्षरं

मराठी घरात चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्यांची, नाहीतर जागरणाची. दुधात उकळलेली, साखर सढळ, वरून जायफळ. आमच्याकडेही तेच. बाटलीतून चमचाभर पूड काढली की झालं. ती पूड कुठली, तिच्यात काय आहे, असले प्रश्न कुणी विचारत नसे.

गेली चार-पाच वर्षं मी गॅसवर मोका पॉटमध्ये कॉफी करतोय, आणि हे प्रश्न तेव्हापासून सुरू झाले. म्हणून ही पोस्ट अर्धी पाककृतीची आहे आणि अर्धी ग्राहक म्हणून आपल्या हक्काची.

आधी भांडं. 1933 मध्ये इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांनी हे बाजारात आणलं. ॲल्युमिनियमचं, आठ कोनी, कमरेत बारीक. खाली पाणी, मध्ये चाळणीत पूड, वर तयार कॉफी. खालचं पाणी तापलं की आतल्या वाफेच्या दाबाने ते पुडीतून वर चढतं. तत्त्व आपल्या कुकरच्या जवळचं. रबराची रिंग इथेही आहे आणि जास्त दाब सोडणारा व्हॉल्व्हही आहे. तो व्हॉल्व्ह अधूनमधून तपासा, रिंग कडक झाली की बदला.

आता कृती. तीन कपी भांडं म्हणजे इटलीचे तीन चिमुकले कप. आपले दूध घातलेले दोन होतात. पाणी व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच, आणि आधीच गरम केलेलं; म्हणजे भांडं फार वेळ आचेवर राहत नाही आणि पूड करपत नाही. पूड साधारण 15 ग्रॅम, बारीक रव्याइतकी दळलेली. चाळणी भरून वरून सपाट करा, पण दाबू नका. दाबलीत तर पाण्याला वाट मिळत नाही. खालचं भांडं फडक्याने धरून वरचं घट्ट फिरवा. आपल्या शेगडीवर एवढंसं भांडं नीट बसत नाही, तेव्हा पापड भाजायची जाळी ठेवा. आच मंद. झाकण उघडं ठेवून बघत राहा: आधी गडद, मधासारखी धार येते, मग ती फिकी होते. फिकी होऊन फसफसायला लागली की लगेच उतरवा. शेवटचं ते पाणी कडूपणाच आणतं. मग गरम दूध, हवं तर जायफळही. कुणाची हरकत नाही!

हिशेब करा. पूड किलोला 1000 रुपये धरली तरी 15 ग्रॅमचे होतात 15 रुपये. कॅफेत एका कपाला 200 च्या वर मोजतो आपण.

पण एवढं सगळं करूनही कप बिघडू शकतो, आणि कारण असतं पाकिटात. आमच्या भागातल्या एका दुकानदाराने मला "एकदम प्युअर आहे साहेब" म्हणून पाकीट दिलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं: चिकोरी 47 टक्के. म्हणजे कॉफी निम्म्याहून जरा जास्त, बाकी भाजलेलं मूळ. चिकोरी विष नाही. फिल्टर कॉफीवाली कितीतरी घरं ती आवडीने घालतात. पण ती त्यांनी निवडलेली असते, "प्युअर" म्हणून गळ्यात मारलेली नसते.

नियम स्पष्ट आहे. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी आणि चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. म्हणजे त्या पाकिटात बेकायदेशीर काहीच नव्हतं. बेइमानी होती ती तोंडी. 2024 पासून जगभर कॉफीचे भाव भडकले. अशा वेळी स्वस्त चिकोरीचा टक्का वाढवायचा मोह कुणालाही होईल. पाकिटाचं चित्र तेच राहील, बदलेल फक्त मागचा आकडा. तो आपण वाचणार नसू तर कायदा असून उपयोग काय?

आणखी एक गोष्ट मला खटकते. भारतात पिकणारी बहुतेक कॉफी परदेशी जाते, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? इटलीच. आपला रोबस्टा तिथल्या एस्प्रेसोच्या मिश्रणांत जातो. कोडगू-चिकमगळूरची कॉफी तिकडे, तिकडचं भांडं इकडे, आणि त्या भांड्यात आपण घालतो मूळ! महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला थोडी कॉफी पिकते, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? चांगल्या मालाला घरचं गिऱ्हाईक तयार झालं, तर शेतकऱ्याला एकट्या परदेशी भावावर अवलंबून राहावं लागणार नाही.

तर एवढंच करा. पुढच्या वेळी पाकीट उलटं करून चिकोरीचा आकडा वाचा. शून्य हवी असेल तर तसं स्पष्ट मागा. माटुंग्यासारख्या ठिकाणी बिया समोर दळून देणारी दुकानं आहेत. तुमच्या गावात नसेल तर दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारा. चार गिऱ्हाइकांनी एकच प्रश्न विचारला की माल बदलतो. भांडं महागातलं नसलं तरी चालेल, पूड मात्र खरी हवी.