चिरंजीवांची यवसुरा

ज्या घरांत चहाखेरीज दुसरें व्यसन शिरलें नाहीं, अशा घरीं येणाऱ्या मासिकांत बीअरच्या कृतीसंबंधीं लेख पाहून कांहीं वाचकांच्या कपाळाला आंठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. आमच्या वडील बंधूंच्या कपाळाला ती अगोदरच पडली आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, जें प्यावयाचें नाहीं तें कसें होतें हें जाणून काय उपयोग? आमचें उत्तर एवढेंच कीं, मोड आलेल्या धान्याची सुरा कशी होते हें सौत्रामणीचा विधि सांगणाऱ्या आपल्याच पूर्वजांना ठाऊक होतें; कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षावर एक सबंध प्रकरण आहे; आणि शाळेंत आपण 'किण्वन' हा जो शब्द मुलांकडून घोकून घेतों, त्यांतील 'किण्व' त्या प्रकरणांत जागोजाग भेटतें. मनूचा निषेध पिण्याला आहे, समजून घेण्याला नाहीं. आम्ही स्वतः थेंबही घेत नाहीं. महाराष्ट्रांत तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून असलें पेय घरीं करणें हा गुन्हाच आहे; तेव्हां पुढील मजकूर येथल्या स्वयंपाकघरांत आजमावण्याकरितां लिहिलेला नाहीं. आमचे चिरंजीव ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन शहरीं असतात. तेथें स्वतःपुरती बीअर घरीं करण्यास मुभा आहे. विकण्यास मात्र नाहीं.

जानेवारी २०२४ मध्यें आम्ही उभयतां त्यांच्याकडे राहण्यास गेलों. तिकडे संक्रांत वैशाखाच्या उन्हांत येते. तिळाचे लाडू वळतांना सौभाग्यवतींच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मोटार ठेवण्याच्या खोलींत जुन्या चादरीखालीं झांकलेलें एक उंच पोलादी भांडें सूनबाईंनीं आम्हांस तिसऱ्या दिवशीं दाखविलें. तें आमच्या भयानेंच झांकलें होतें. चिरंजीवांचें वय वर्षें एकेचाळीस! लहानपणीं पहांटे उठून ते आमच्यापुढें तर्कसंग्रह म्हणत. शाळा सुटली, आणि तेव्हांपासून त्यांनीं आम्हांस प्रश्न म्हणून एकही विचारला नव्हता. दूरध्वनीवर प्रकृति, पाऊस आणि पैसे पोंचले कीं नाहीं, एवढाच संवाद. चादर निघाल्यावर मात्र ते म्हणाले, "बाबा, तीनदां केली आणि तिन्ही वेळां बिघडली. कां, तें कळत नाहीं. तुम्ही पाहाल का?" तो 'कां' आम्हांस फार वर्षांनीं ऐकूं आला.

यंत्राची रचना सांगतों. पस्तीस लिटरचें भांडें, तळाशीं विजेची शेगडी, आंत जाळीच्या बुडाची एक उंच टोपली, बाजूस पंप. टोपलींत भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळविलेलें जव, घालावयाचा आणि गरम पाण्यांत तासभर मुरवावयाचा. पंप तळाचें पाणी उचलून टोपलीच्या वर सोडतो, तें धान्यांतून झिरपत पुन्हा तळाशीं येतें. पाणी सांचून वरून सांडूं नये म्हणून टोपलीच्या मध्यभागीं एक उभी नळी असते; जास्तीचें पाणी तिच्यांतून थेट खालीं उतरतें. तासाभरानें टोपली उचलली कीं खालीं गोड काढा राहतो. यास तिकडे वर्ट म्हणतात. तो हॉप्सचीं फुलें घालून तासभर उकळावयाचा, वीस अंशांपर्यंत निववावयाचा, आणि मग त्यांत यीस्ट सोडावयाचें. (अंश सर्वत्र सेल्सिअसचे.) एकाच भांड्यांत सर्व कामें उरकतात, म्हणून त्यास फार मागणी आहे. आमच्या मतें त्याचा दोषही तोच. वेगवेगळ्या भांड्यांत जें डोळ्यांना दिसतें, तें येथें पोलादाआड घडतें, आणि माणसाच्या हातीं पाटीवरचा एक आंकडा तेवढा राहतो.

मोड येतांना जवांत जीं पाचक द्रव्यें उत्पन्न होतात, तीं पिष्टाची साखर करितात. साठ ते पासष्ट अंशांच्या सुमारास एक जोमानें काम करितें, सत्तरीच्या आसपास दुसरें; म्हणून दोहोंच्या मध्यें सहासष्टाच्या जवळपास मिश्रण ठेवितात. फार तापलें तर तीं मरतात. फार थंड राहिलें तर जवाचें पिष्ट मुळीं फुलतच नाहीं, आणि न फुललेल्या पिष्टाला तीं काय करणार? हें सारें ऐकत असतां सौभाग्यवती म्हणाल्या, "मग हें नाचणीच्या सत्त्वासारखेंच कीं!" आणि खरोखर तसेंच आहे. मोड आणलेल्या नाचणीची पेज हळूहळू तापविली तर ती पातळ होते व गोडसर लागते. तेंच पीठ एकदम खळखळत्या पाण्यांत टाकलें तर घट्ट राहतें. नातवंडांना पेज भरविणाऱ्या प्रत्येक आजीस ही गोष्ट ठाऊक आहे. तिला कोणीं रसायनशास्त्राचें नांव दिलें नाहीं इतकेंच.

आतां बिघाड. पाटीवर सबंध तासभर ६६ अंश दिसत होते. तरीही काढ्याची घनता १.०५० यावयाची ती १.०३६ च्या वर जाईना, आणि काढा गढूळ राही. चिरंजीवांनीं प्रथम माल्टला दोष दिला, मग विकणाऱ्याला. तिसऱ्या वेळीं अधिक साखर सुटावी म्हणून त्यांनीं माल्ट गिरणींतून दोनदां काढला, तर घनता उलट आणखी उतरली. आम्हीं पांढऱ्या बशींत काढ्याचा थेंब घेऊन त्यावर आयोडिनाचा थेंब सोडावयास सांगितलें; हा प्रयोग सातवीच्या मुलांपुढें आम्हीं पुष्कळदां केला आहे. थेंब काळानिळा झाला. म्हणजे पिष्ट तसेंच उरलें होतें.

"अरे, हा ६६ चा आंकडा कोठला?" आम्हीं विचारलें.

"म्हणजे? भांड्याचा."

"भांड्याच्या कोणत्या जागेचा?"

उष्णतामापक तळाशीं होता, शेगडीच्या शेजारीं. दूध तापविण्याच्या कामाचा लांब दांडीचा उष्णतामापक आम्हीं धान्याच्या मधोमध खुपसावयास लावला. तेथें ५८ अंश होते! बारीक दळलेल्या माल्टचा लगदा होऊन बसला होता, त्यांतून पाणी झिरपत नव्हतें. पंपानें चढविलेलें पाणी मधल्या नळींतून परत तळाशीं जाई, तेथें तापे, आणि पुन्हा वर येई. पाटी खोटें बोलत नव्हती. ती ज्याचें उष्णतामान सांगत होती तें पाणी धान्याला भेटतच नव्हतें. नैयायिक अशा हेतूला असिद्ध म्हणतील: पर्वतावर अग्नि आहे हें सिद्ध करावयाचें, आणि धूर दाखवावयाचा तो शेजारच्या सरोवरावरचा. न्यायशास्त्रांतला नेहमींचा दृष्टांत महानसाचा, म्हणजे स्वयंपाकघराचा आहे, याचें आम्हांस त्या दिवशीं विशेष कौतुक वाटलें.

उपाय पुष्कळ होते, आणि चिरंजीवांना ते सगळे एकदम करावयाचे होते. तेथें मात्र आम्ही हट्टाला पेटलों. सगळें एकदम बदललें तर गुण कशानें आला हें कसें कळणार? जें असतां कार्य होतें आणि जें नसतां होत नाहीं, तें कारण. अन्वय आणि व्यतिरेक हे एकेका गोष्टीचेच पाहतां येतात. म्हणून पहिल्या रविवारीं फक्त भरड जाडी केली: जवाचें टरफल शाबूत, आंतला गर चार-सहा तुकड्यांत. मधलें उष्णतामान ६२ वर आलें. पुढच्या रविवारीं भरड तीच ठेवून माल्टमध्यें धुतलेलें भाताचें तूस मिसळलें. तुसांत साखर नाहीं, चव नाहीं. त्याचें काम केवळ वाट मोकळी ठेवण्याचें. तें तिकडे पिशव्यांतून विकत मिळतें हें ऐकून सौभाग्यवतींना हंसूं आवरेना. कोंकणांत त्यांच्या माहेरीं तें उकिरड्यावर जाई किंवा भाजावळींत. तिसऱ्या खेपेस पंप दहा मिनिटें उशिरा सुरू केला, त्याची तोटी अर्धी आवळली, आणि दर पंधरा मिनिटांनीं धान्य ढवळलें. मधें ६५, तळाशीं ६६. आयोडिनाचा थेंब पिवळाच राहिला. चिरंजीवांनीं बशी उजेडांत धरून दोनदां पाहिली, आणि आंत जाऊन सूनबाईंना बोलावून आणलें.

दुसरें दुखणें निवविण्याचें. उकळलेला काढा निर्जंतुक असतो, पण निवूं लागला कीं तो गोड, कोमट आणि उघडा. हवेंतल्या जंतूंना याहून चांगलें आमंत्रण कोणतें? शिवाय लवकर निवला तर त्यांतील प्रथिनें गोठून तळाशीं बसतात, आणि रेंगाळला तर शिजलेल्या कोबीसारखा वास धरण्याचा संभव असतो. हें काम तांब्याच्या वेटोळ्या नळीचें. नळी काढ्यांत बुडवून आंतून नळाचें पाणी सोडतात. चिरंजीवांचा काढा दीड तासानंतरही ३२ अंशांवर अडून राही. नळी आंतून चोंदली असावी, असा त्यांचा तर्क होता, आणि दुप्पट लांबीची नळी मागविण्याच्या ते बेतांत होते.

आम्हीं नळाखालीं उष्णतामापक धरला. पाणीच २६ अंशांचें! त्याखालीं काढा कितीही लांब नळीनें उतरणार नाहीं. दोन वस्तूंतील अंतर जेवढें मोठें तेवढी उष्णता झपाट्यानें जाते, हा न्यूटनचा नियम चिरंजीव पदार्थविज्ञानाच्या परीक्षेंत उत्तम रीतीनें लिहून आले होते. शंभर अंशांवर अंतर ७४ चें. तीस अंशांवर तें ४ वर येतें, म्हणजे निवण्याचा वेग अठरावा हिस्सा राहतो. म्हणून चाळीस अंशांपर्यंत नळाचें पाणी वापरावें आणि पुढें बर्फाचें. हिशेब अवघड नाहीं. तेवीस लिटर काढा चाळिसावरून विसावर आणावयास सुमारें ४६० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. एक किलो बर्फ वितळतांना ८० घेतो आणि त्याचें पाणी वीस अंशांस येतांना आणखी २०. म्हणजे किमान साडेचार किलो. सांडलवंड धरून आम्हीं सात आणविले. बादलींत बर्फ व पाणी, त्यांत एक लहान पंप, आणि तेंच पाणी नळींतून फिरवावयाचें. आरंभापासून काढा ढवळत राहावें, कारण नळीला लागून असलेला थर निवतो आणि बाकीचा तसाच राहतो. ढवळण्यानें जंतु शिरतील, ही चिरंजीवांची भीति रास्त होती. म्हणून पळी आणि नळी दोन्ही शेवटची पंधरा मिनिटें उकळत्या काढ्यांतच बुडवून ठेवलीं. तीस मिनिटांत काढा विसावर आला.

तिकडचे कांहीं लोक ही खटपटच करीत नाहींत. उकळता काढा जाड डब्यांत गळ्यापर्यंत भरून झांकण घट्ट लावितात आणि रात्रभर ठेवितात. उष्णतेनें डबा आंतून निर्जंतुक होतो. युक्ति नामी आहे, परंतु काढा फार वेळ गरम राहिल्यानें हॉप्सचा कडूपणा वाढतो, तेव्हां फुलें उशिरां घालावीं लागतात.

दीड तास नळ वाहत असे, त्याचें पाणी आजपर्यंत गटारांत जाई. ज्या प्रांतांत २००७ सालीं अवर्षणामुळें माणशीं दररोज १४० लिटरांची मर्यादा पाळण्यास लोकांना सांगण्यांत आलें होतें, तेथें हें आम्हांस पाहवेना. आतां तें पाणी कपडे धुण्याच्या यंत्राकडे जातें. आरंभींचें चांगलें कढत येतें, त्यांत सूनबाई भांडीं घासतात.

राहतां राहिला चोथा. पांच किलो माल्टचा ओला चोथा टोपलीभर उरतो, आणि चिरंजीव तो केराच्या पिंपांत टाकीत. त्यांत यीस्ट पडलेलें नसतें, तो नुसता मोड आलेल्या जवाचा शिजका कोंडा. तेव्हां आमच्या बंधूंनाही हरकत घेण्यास जागा नाहीं. सौभाग्यवतींनीं ज्या दिवशीं तूस घातलें नव्हतें त्या दिवसाचा चोथा मागून घेतला, मंद आंचेवर वाळविला, दळला, आणि ज्वारीच्या व हरभऱ्याच्या पिठांत चौथा हिस्सा मिसळून थालीपिठें लावलीं. टरफलें दांतांत येतात, म्हणून पीठ दोनदां बारीक चाळणीनें चाळावें लागलें.