टेबलाचे रबर

निवृत्त गृहस्थाने क्रीडागृहात किती वेळ घालवावा, हा प्रश्न आमच्या घरी वादग्रस्त आहे. नागपुरातील ज्या लहानशा मंडळात आम्ही सायंकाळी जाऊन बसतो, तेथे वर्तमानपत्रे आहेत, बुद्धिबळाचे दोन पट आहेत, आणि मधल्या दालनात १२ फूट लांब व ६ फूट रुंद असे स्नूकरचे एक जुने टेबल आहे. क्यू आम्ही क्वचितच हाती धरतो. परंतु मंडळाचा हिशेब आमच्याकडे असल्यामुळे टेबलाच्या दुखण्याखुपण्याचा भार आमच्यावरच येतो.

हा खेळ साहेबलोकांचा, असे म्हणून आमच्या घरची मंडळी नाक मुरडतात. वस्तुतः तो जन्मला आपल्याच शेजारी. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर तो प्रथम मांडला, असे मानतात. आणि त्या काळी जबलपूर ज्या मध्यप्रांतात मोडत होते, त्याची राजधानी आमचे नागपूर. पुढे १९५८ साली पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी बिलियर्डचे हौशी जगज्जेतेपद मिळविले, तेही अशाच टेबलावर. असो.

टेबलाच्या कडांस आतील अंगाने बनातीखाली रबराची जी पट्टी बसविलेली असते, तीस खेळाडू कुशन म्हणतात. चेंडू येऊन आदळावा आणि तिने तो परत पाठवावा, एवढेच तिचे काम. प्रारंभी या कडांत कापडाच्या चिंध्या नाहीतर घोड्याचे केस भरीत. १८३५ साली लंडनच्या थर्स्टन यांनी रबर आणले. परंतु तेथील थंडीत ते दगडासारखे होई, म्हणून खेळापूर्वी गरम पाण्याची भांडी लावून ते शेकावे लागे! गंधक घालून रबर तापविण्याची युक्ती निघाल्यावर ही पीडा टळली. आमच्याकडील पीडा निराळी. नागपूरच्या वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, आणि उष्णतेने व हवेतील प्राणवायूने रबर वर्षानुवर्षे कडक होत जाते. आमच्या टेबलाची पश्चिमेच्या खिडकीखालची कड प्रथम गेली. तिच्यावर चेंडू आदळला की पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज येई, आणि तो वाकडा होऊन अर्ध्या वाटेत थांबे.

दुरुस्तीचा विषय सभेत निघाला, तेव्हा आमचे एक वृद्ध स्नेही, ज्यांस सर्वजण वकीलसाहेब म्हणतात, उठून उभे राहिले. ते म्हणाले, "टेबल जुने आहे, आपणही जुने आहोत. राहू द्या." सर्वांनी टाळ्या वाजविल्या. आम्हांस मात्र कारण ठाऊक होते. त्यांची दृष्टी मंदावली आहे, हात कापतो. तथापि कोणती कड किती मेली आहे, हे त्यांस तोंडपाठ असल्यामुळे अद्यापि तेच जिंकत. पत्नीच्या निधनानंतर त्यांस दुसरा आनंद उरलेला नाही. आम्ही भिडेस पडलो आणि "शिल्लक पुरेशी नाही" असे इतिवृत्तात लिहिले. ते सर्वस्वी खरे नव्हते.

पुढे दोनतीन तरुण सभासद येईनासे झाले. एके दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी, जो सध्या एका बँकेत नोकरीस आहे, पाहुणा म्हणून आला. एक डाव खेळून त्याने क्यू ठेवला आणि नम्रपणे म्हणाला, "सर, हे टेबल उत्तर देत नाही."

ते वाक्य आमच्या वर्मी लागले. हाच मुलगा इयत्ता नववीत असता त्याने एका श्लोकाचा निराळा अन्वय लावून दाखविला होता. व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष होता, हे आम्हांस त्याच क्षणी कळले होते. परंतु आमची टिपणे वीस वर्षांची, आणि वर्गात चाळीस मुले पाहत होती. आम्ही म्हणालो, "पुस्तकात आहे तसे लिही." त्यानंतर त्याने आम्हांस कधीही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मिस्त्रीस बोलाविले. एकच कड बदलता येईल काय, असे विचारता तो म्हणाला, "गुरुजी, एकच बदलली तं टेबल लंगडं होते. सहाच्या सहा बदलवा लागते." त्याने बनात सोडविली, लाकडी कडा उतरविल्या, आणि पटाशीने जुने रबर खरवडले. ते बोटांत चुरा होऊन पडले. लाकूड स्वच्छ करून नवी पट्टी चिकटविणे, पॉकेटांच्या मुखाशी ती साच्याबरहुकूम कापणे, आणि बनात सुरकुती न पडू देता ताणणे, यात तीन दिवस गेले.

ते पाहत असता आम्हांस अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आठवला. त्यात संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. गुंडाळलेली चटई सोडताच पूर्ववत होते, तो स्थितिस्थापक; भावना मात्र केवळ आत्म्याच्या ठायी राहते. चेंडूत वेग होता, वकीलसाहेबांत भावना होती. कडांतून स्थितिस्थापक तेवढा निघून गेला होता. आणि मास्तरांतूनही!

नव्या कडांवर वकीलसाहेब सलग तीन डाव हरले आणि चार दिवस आलेच नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही माझी वाट मोडलीत." आम्हांस उत्तर सुचेना, इतिवृत्तातील लबाडी तेवढी त्यांस सांगून टाकली. ते बराच वेळ गप्प होते. मग चहा मागविला.

पाचव्या दिवशी ते आले, आणि त्या बँकेतील तरुणास म्हणाले, "या कडेवरून चेंडू किती मागे येतो, जरा दाखव पाहू." त्या सायंकाळीही ते हरले; परंतु साडेआठपर्यंत घरी गेले नाहीत.

निघताना आम्ही त्या तरुणास गाठून म्हणालो, "नववीत तू लावलेला अन्वय बरोबर होता. चूक आमची होती."

तो गोंधळून हसला. "कोणता अन्वय, सर?"

भावना आमच्याच ठायी उरली होती. तरी सांगितले, हे बरेच झाले. त्याने सायकल-स्टँडपाशी थांबून तो श्लोक आमच्याकडून पुन्हा म्हणवून घेतला.