विजेची वेळ

जुन्या चाळीच्या जिन्याखाली लाकडी फळीवर मीटर ओळीने बसवलेले असत. काचेच्या खिडकीत ॲल्युमिनियमची पातळ चकती फिरे आणि तिच्या कडेवरची खूण दर फेरीला क्षणभर दिसून नाहीशी होई. शाळेतून परतणारी मुले त्या खुणेची वाट पाहत थबकत. वडीलधारी माणसे चकतीच्या वेगावरून अंदाज बांधत : कोणाकडे इस्त्री चालू आहे, कोणाकडे दिवा विसरून राहिला आहे. महिन्याकाठी एक कर्मचारी येई, आकडे टिपून घेई आणि निघून जाई. किती वीज वापरली, एवढेच ती चकती सांगू शके. केव्हा वापरली, हे तिला कोणी विचारलेही नाही.

त्या जागी आता नवा मीटर येत आहे. त्याला चकती नाही. एक बारीक दिवा लुकलुकत असतो. दर पंधरा मिनिटांच्या किंवा अर्ध्या तासाच्या वापराची नोंद तो स्वतःच ठेवतो आणि मोबाइलच्या जाळ्यातून किंवा रेडिओलहरींवरून वीज कंपनीकडे धाडतो. त्याला स्मार्ट मीटर म्हणतात. हे नाव काहीसे फसवेच आहे. मीटर हुशार झाला, याचा अर्थ त्याला घड्याळ कळू लागले, इतकाच.

पण विजेच्या व्यवहारात घड्याळ कळणे ही लहान गोष्ट नव्हे. धान्य कणगीत राहते, पाणी रांजणात राहते. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे मात्र कठीण आणि खर्चाचे. बटण दाबताच कुठेतरी तेवढी वीज निर्माण व्हावी लागते. सह्याद्रीत घाटघर येथे यावर एक युक्ती योजलेली आहे. मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातील पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज घ्यायची. जणू डोंगरमाथ्यावरची कणगीच! परंतु अशा जागा मोजक्याच.

३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील वीजजाळे कोसळले आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात अंधार पसरला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले. तेव्हापासून काश्मीरच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत विजेचा एकच ठोका चालतो, सेकंदाला ५० आवर्तनांचा. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की तो मंदावतो, मागे पडली की वेग घेतो. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरली. जलविद्युत केंद्रांनी निर्मिती झपाट्याने घटवली, पुन्हा वाढवली आणि तो ठोका चुकू दिला नाही. घरोघरी पणत्या पाहणाऱ्यांना या धावपळीची कल्पनाही नसावी.

आता अडचण निराळी आहे. दुपारी सूर्य वीज ओततो आणि संध्याकाळी, नेमके घरोघरी दिवे लागतात तेव्हा, हात आखडता घेतो. म्हणून केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी वेळेनुसार दराची तरतूद केली. सौरऊर्जेच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी. मोठ्या मागणीच्या तासांत घरगुती ग्राहकाला किमान १० टक्के अधिक. विचार सरळ आहे. माणसाने आपली कामे थोडी पुढेमागे केली, तर संध्याकाळपुरती कोळशाची नवी केंद्रे उभारावी लागणार नाहीत.

मात्र वेळ बदलण्याची मुभा सर्वांना सारखी नसते. टाकीत पाणी चढवणारा पंप दुपारी चालवता येतो. रात्रीचा स्वयंपाक दुपारी उरकता येत नाही. सर्वाधिक लवचीकता तर शेतकऱ्याने दाखवली आहे, आणि तीही नाइलाजाने. महाराष्ट्रात कृषिपंपांना आठवड्यातील काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री वीज देण्याची पद्धत वर्षानुवर्षे राहिली. विजेच्या सोयीसाठी माणूस कडाक्याच्या थंडीत उठला, सापकिरडाच्या वाटेने बांधावर गेला, दारे धरत राहिला. त्याची ही तडजोड कोणत्या मीटरने नोंदवली? २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू त्याला दिवसा वीज मिळावी हा आहे. लवचीकतेचे सारे ओझे यापुढे त्याच्या एकट्याच्या झोपेवर पडू नये, ही अपेक्षा रास्तच आहे.

नव्या मीटरविषयी शंकाही आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात वडोदऱ्यात आणि महाराष्ट्रातही आधी पैसे भरण्याच्या मीटरला विरोध झाला. हातावर पोट असणाऱ्याला शिल्लक संपली की अंधार, ही भीती पोकळ म्हणता येत नाही. शिवाय अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद म्हणजे घरातील माणसे केव्हा उठतात, केव्हा घराबाहेर असतात, याचीही नोंद. नेदरलँड्सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये याच कारणावरून मीटरची सक्ती नाकारली होती. चाळीतल्या चकतीलाही शेजाऱ्यांचे डोळे होतेच, पण ते डोळे ओळखीचे होते.

त्याच चाळीत तळमजल्यावर एक वृद्ध बाई लहानशी पिठाची गिरणी चालवतात. मुलाने मोबाइलवरचा आलेख दाखवून म्हटले, "आई, दळणं दुपारी काढत जा. वीज स्वस्त पडेल."

"लोक डबे संध्याकाळी आणतात रे, कामावरून येताना," त्या म्हणाल्या.

तरीही त्यांनी प्रयत्न केला. डबे सकाळीच ठेवून जा, असे एकेका गिऱ्हाइकाला सांगितले. पुष्कळांनी ऐकले. दुपारी दोनला गिरणी घरघरू लागली आणि जिन्याखालचा दिवा भरभर लुकलुकू लागला. धुणीभांडी करणारी एक बाई मात्र साडेसातच्या आधी येऊ शकत नाही. रोजच्या मजुरीतून ती रोजचे ज्वारीचे दाणे घेते आणि तसेच दळायला आणते. तिच्यासाठी संध्याकाळी गिरणी पुन्हा सुरू होते. दळणाचे पैसे तिच्याकडून पूर्वीइतकेच घेतले जातात.